माळवदाला माती

वळसंगच्या दक्षिणेला, गावाच्या अगदी कडेला, निंगव्वा आणि मायाप्पाचं घर दोन वर्षं बांधलं जात होतं आणि अजून घर म्हणावं असं झालं नव्हतं. जागा निंगव्वाच्या बापानं मरताना तिच्या नावानं सोडलेली. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी खडी फोडली आणि दुष्काळ हटल्यावर पाया खणला. मातीची भिंत थरानं चढते. एक थर घालायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. मायाप्पाला तेवढा दम कुठला? गेल्या साली त्यानं भिंती घाईनं डोक्याच्या वर नेल्या, छत घालायचं राहिलं आणि दोन पावसांत दोन भिंती ढासळल्या. निंगव्वानं तीच माती पुन्हा भिजवली, पुन्हा तुडवली. तुडवताना तिनं नवऱ्याला जवळही येऊ दिलं नाही.

यंदा भिंती पक्क्या होत्या. तुळया चढल्या, फळ्या बसल्या, वर तरवडाचा पाला अंथरून झाला. आता पाल्यावर हातभर पांढरी माती पडली, की मातीचं सपाट छत, माळवद, झालं. काळी माती उन्हात भेगाळते, तांबडी गळते. पाणी अडवते ती जुन्या गावठाणाची पांढरी माती, पांढर. आणि मृग बारा दिवसांवर होता. उघड्या भिंती पुन्हा भिजल्या असत्या, तर तिसऱ्यांदा माती तुडवायचं बळ निंगव्वाच्या पायात उरलं नव्हतं.

ती पाटी-खोरं घेऊन पांढरीच्या टेकाडावर गेली. म्हातारे विरुपाक्षअण्णा काठी टेकत आडवे आले. गावचा जुना रिवाज तेच राखायचे.

"खोरं ठेव खाली, निंगव्वा."

"का, अण्णा? चार गाड्यांनी टेकाड काय संपतंय?"

"संपायचं कुटं म्हणतोय मी? पांढर गावच्या घराण्याला मिळते. तू लेक. लेकीला साडीचोळी मिळंल. तुझी पांढर तुझ्या सासरी."

"माझी नाळ हितं पुरलीया की!"

"मग ती उकरून ने," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसला.

निंगव्वा रिकामी पाटी घेऊन आली. मायाप्पा सावलीत बसून तंबाखू मळत होता.

"न्हाय म्हणाले न्हवं? मला ठावं होतं. टाकू काळी माती."

"ठावं होतं तर मला कशापायी धाडलं? काळी टाकून पुन्यांदा भिंती पाडायच्यात व्हय? तुमच्या गावाला पांढर हाय. तितं तुमचा हक्क हाय."

मायाप्पानं तंबाखू फेकून दिली. "त्या गावाचं नाव काढू नगंस."

त्याचं गाव तीन कोसांवर, नदीकाठी. सहा वर्षांपूर्वी भावाभावांनी घरातून दोरी धरून वाटणी केली, तेव्हा मायाप्पाच्या वाट्याला ना चूल आली ना दार. भिंत फोडून दार काढ, असं भाऊ म्हणाला होता. मायाप्पानं भिंतही फोडली नाही आणि भावाचं तोंडही पुन्हा पाहिलं नाही.

"भांडण भावाशी. मातीनं तुमचं काय केलं?" निंगव्वा म्हणाली. तो पाठ करून बसला. मग तिनंही त्याची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं आपल्या भावाची, बसलिंगप्पाची, बैलगाडी मागून घेतली आणि कासरा स्वतः धरला. वाटेत पाणवठ्यावरच्या बायका कळशा खाली ठेवून बघत राहिल्या. तिनं पदर घट्ट खोचला आणि बैलांवरच ओरडली.

सासरच्या टेकाडावर तिनं दोनच पाट्या भरल्या असतील, तोच मागून आवाज आला.

"कोण गं ती, न विचारता खणतीया?"

ती तिची थोरली जाऊ, नागव्वा. निंगव्वा खोरं न सोडता म्हणाली, "हितलीच सून हाय. इचारायचं कुणाला?"

नागव्वानं जवळ येऊन तिचं तोंड निरखलं. "यव्वा! सहा वर्सांनी सून उगवली, ती बी गाडी हाकत! आणि माझा दीर कुटं हाय? अजून रुसलाय?"

"भिंतीकडं तोंड करून बसलाय."

"मग भिंत तरी बांधलीया म्हणायची," असं म्हणून नागव्वानं दुसरी पाटी उचलली. कोणी अडवलं नाही.

दिवस कलताना गाडी वळसंगात आली. मायाप्पा उठला नाही. निंगव्वानं एकटीनं शिडीवरून पाट्या चढवल्या, माती पसरली, पाणी शिंपडून तुडवली. एका गाडीत स्वयंपाकाच्या खोलीपुरतं माळवद झालं. बाकी तीन खणांवर पाल्यातून आभाळ दिसत होतं.

मायाप्पानं खालून मान वर केली. "पातळ पडलीया."

"मग जाड पडंल एवढी आणा!" ती वरून ओरडली. "माझे हात काय लोखंडाचे हायती?"

तो आत जाऊन आडवा झाला. उजाडता उजाडता मात्र त्यानं विचारलं, "खोरं कुटं ठिवलंस?"

तिनं खोरं त्याच्या पुढ्यात टाकलं. बैल जुंपून झाले, उन्हं वर आली, तरी हा निघेना. ती आत डोकावली. मायाप्पानं धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि तो पटका बांधत होता. एकदा बांधला, मनासारखा झाला नाही, सोडला, पुन्हा बांधायला घेतला.

"माती आणायला चाललाय का सोयरीक जुळवायला?" निंगव्वा कडाडली. "ऊन चढतंय की! बैल दमतील!"

"आगं, सहा वर्सं झाली," मायाप्पा तिच्याकडे न बघता म्हणाला. "वैनी असंल तितं. दादा असंल."

निंगव्वाच्या ओठांवर आलेली शिवी तशीच राहिली. तिनं पुढं होऊन पटक्याचं टोक नीट खोचलं, जरा जोरातच, आणि त्याला दाराबाहेर ढकललं.