जामीन राहणारे अनुमोदककाका

आमच्या दरसालच्या सामाजिक परिषदेत ठराव मांडायला माणसं रांगेनं मिळायची. अनुमोदनाला मात्र कुणीही चालायचं. मंडपात जो जागा दिसेल त्याचं नाव टाकायचं, त्यानं उठून "माझं अनुमोदन आहे" म्हणायचं, टाळ्या, की पुढचा ठराव. अनुमोदककाका या रिवाजात बसणारे नव्हते. ते सावकाश उठायचे, माईक हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "मला आदी एक इचारायचंय." झालं. व्यासपीठावरची मंडळी घड्याळाकडे बघायला लागायची.

काका फुलंब्रीच्या अलीकडच्या सावरखेडीचे. घरची जमीन बऱ्यापैकी, गावात मान. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते विशीत होते आणि शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळे आमच्या अर्जाला ते शेवटपर्यंत दरखास्तच म्हणत. खरं सांगायचं तर परिषदेला काकांपेक्षा त्यांचं घराणं हवं असायचं. दलित वस्त्यांवरच्या अन्यायाच्या ठरावाला मोठ्या शेतकरी घरातला माणूस अनुमोदन देतो, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बरं दिसे. काकांना हे पुरतं ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "शोभेला बसवता, बसवा. पण शोभेच्या माणसालाबी तोंड असतंय, बाई."

मी शहरातल्या एका शाळेत शिकवायची आणि परिषदेचे ठराव लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. साहजिकच त्यांचे प्रश्न माझ्या वाट्याला यायचे. हे करणार कोण, कुणाच्या घरातून सुरुवात होणार, असले ते प्रश्न. मी एकदा वैतागून म्हटलं, की काका, अनुमोदन म्हणजे नुसता उपचार असतो. त्यावर ते चांगलेच तापले. "मांडणारा बोलून मोकळा होतो. अनुमोदन देणारा जामीन राहतो. उद्या ते झालं नाय तर मला पकडा."

बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं, असा ठराव महिलांच्या सत्रातून आला, तेव्हा त्यांनी अनुमोदन चक्क नाकारलं. काका विरोधात गेले म्हणून आमच्या काही मैत्रिणी केवढ्या चिडल्या. पुढच्या वर्षी तोच ठराव आला आणि काका स्वतःहून उठले. मागच्या साली घरात तसं केलेलं नव्हतं, आता केलंय, म्हणून अनुमोदन देतो, एवढंच बोलून खाली बसले. काकू नंतर मला भेटल्या तेव्हा हसत सांगत होत्या, की म्हातारा एकदम जमीन नावावर करायला निघाला तेव्हा डाक्टरनं काही वाईट सांगितलं की काय, म्हणून त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

काकांचे वडील लवकर गेले होते. थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, स्वतःची शाळा सोडून औत धरलं आणि काकांना शिकवलं. घरं वेगळी झाली तरी ओसरी एकच राहिली. रोज संध्याकाळी दोघांची ताटं त्या ओसरीवर शेजारी शेजारी मांडली जायची. दादा परिषदेला कधी आले नाहीत, पण भावाला जाऊ नको असंही कधी म्हणाले नाहीत. काकांच्या बोलण्यात "दादाला इचारून बघतो" हे इतक्यांदा यायचं, की आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

मग एका वर्षी सावरखेडीतल्या वस्तीनं मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. गावानं उलट वस्तीचं दळण, दुकान आणि मजुरी बंद केली. आणि हे ठरलं दादांच्या सांगण्यावरून, त्याच ओसरीवर. काकांनी भावाला परोपरीनं समजावलं, ते ऐकेनात.

परिषद त्या साली शहरातच, मुकुंदवाडीला, शाळेच्या पटांगणात होती. ठराव समितीचे प्रमुख एक प्राध्यापक होते, मनानं चांगले. ते म्हणाले, की काकांना परत त्याच गावात जायचंय, भावाच्या शेजारी राहायचंय, तेव्हा गावाचं नाव नको. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मी लिहिलं, 'मराठवाड्यातील काही गावांत दलित वस्त्यांवर बहिष्कार टाकण्यात आला आहे, त्याचा ही परिषद निषेध करते.' अनुमोदनाला अर्थात काका. आपण त्यांना फार सांभाळून घेतलं, या समाधानात आम्ही होतो.

काका उठले, माईक घेतला आणि विचारलं, की ही काही गावं म्हणजे कोणती?

प्राध्यापक हळूच म्हणाले, "काका, सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत हाय तर लिवायला काय झालं?" काका माझ्याकडे वळले. "बिननावाच्या गावाला मी जामीन कसा राहू? सावरखेडी लिवा. मग माझं अनुमोदन."

मी तिथंच व्यासपीठावर 'काही गावांत' खोडून सावरखेडी लिहिलं. काकांनी अनुमोदन दिलं आणि जागेवर जाऊन बसले. संध्याकाळी मी त्यांना दोन दिवस शहरातच राहा म्हणून गळ घातली. ते म्हणाले, "आज नाय गेलो तर कवाच जाता येणार नाय." आणि पिशवी घेऊन एसटीला गेले.

नाव छापून आलं म्हणून तालुक्याचे साहेब गावात आले, आणि वस्तीचं दळण सुरू झालं. लगेच काकांचं बंद झालं. ते पुढची कित्येक वर्षं पिठाचा डबा घेऊन फुलंब्रीला जात, आणि तिथलं पीठ जास्त बारीक येतंय असं सांगत. दादांचं नाव मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. काकूंकडून कळलं, की दादा आता आत जेवतात. हे आपले रोज एकटेच ताट घेऊन ओसरीवर बसतात. ऐकून माझा जीव तुटला. आम्हाला टाळ्या वाजवून आपापल्या घरी जेवता आलं होतं.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी सावरखेडीला गेले. गाव जमलं होतं, वस्तीतली माणसंही आली होती, ती अंगणाच्या बाहेर उभी होती. दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. ठराव लिहिणाऱ्या बाई त्या तुम्हीच ना, म्हणाले. आता बोलणी खावी लागणार, असं धरून मी बसले.

"दरसाल परिषदेहून आला की माझ्या दारात उभा राहायचा," दादा म्हणाले. "म्हणायचा, दादा, एवढं म्हण की चुकलं. परिषदेत उभा राहून सांगतो, सावरखेडीचा डाग गेला म्हणून. मी दार लावून घ्यायचो." त्यांनी ओसरीवर शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. "चुकलं, बाई. आज म्हणतो, चुकलं माझं. पण आता कुणाला म्हणू?"

त्या म्हाताऱ्याचं मला फार वाईट वाटलं. तरी मी म्हटलं, "वस्तीतली माणसं बाहेर उभी आहेत. त्यांना म्हणा."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणाच्या पलीकडे पाहिलं, आणि हातानं चाचपत आपली काठी शोधायला लागले.