क्रूझवरून परत आलेल्यांना केलेले फोन

क्रूझ कंपनीच्या हेड ऑफिसला आमच्याकडून फक्त तारे हवे असतात. प्रवासी क्रूझवरून घरी आले की त्यांना फोन करायचा आणि विचारायचं, जेवणाला पाचपैकी किती, खोलीला किती, करमणुकीला किती, पैसे वसूल झाले असं वाटतं का. दोन मिनिटांचं काम. पण कर्जत-खालापुरातला माणूस दोन मिनिटांत तारे देऊन फोन ठेवत नाही. तो आधी विचारतो, "तू कोणाची गं?" आणि मग बोलायला लागतो. तारे कॉम्प्युटरमध्ये जातात, बाकीचं सगळं माझ्यापाशी साठत राहतं.

ते ऐकवायला इथे कोणी नसतं. कर्जत स्टेशनजवळचं आमचं बुकिंगचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि भिंतीवर निळ्या समुद्रात उभ्या असलेल्या पांढऱ्या जहाजाचा फोटो. मालक नरेशदादा दुपारी जेवायला घरी जातो आणि झोप काढूनच परत येतो. कॉलेजातल्या मैत्रिणी पुण्याला, ठाण्याला निघून गेल्या. त्या शांत दुपारी मी फोन करते.

नोकरीला लागताना मी नरेशदादाला सांगितलं होतं की प्रवासाने माणसं एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून मला हे काम करायचंय. तो म्हणाला, "जवळ येतील गं. आधी बुकिंग येऊ दे."

*

खालापूरकडच्या ठोंबऱ्यांची अख्खी भावकी एकदा गोव्याच्या क्रूझवर गेली. जमिनीचे पैसे आले होते. चुलते, पुतणे, सुना, नातवंडं मिळून आठ खोल्या लागल्या.

पहिला खटका बंदरावरच उडाला. थोरल्या काकूंच्या पिशवीत सुके बोंबील निघाले. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा नियम. काकूंनी मला फोनवर सुनावलं, "समुद्रावर नेतात नि मासळी बाहेर काढायला लावतात. कुठली रीत ही?"

पण खरी तक्रार वेगळीच होती. खोल्यांची दारं. आत गेलं की दार आपोआप लागतं. काकूंना एका खोलीत ठेवलं आणि बाकीचे आपापल्या खोल्यांत गेले. लांबलचक बोळ, दोन्हीकडे एकसारखी बंद दारं, कोणाची कुठली ते कळेना. संध्याकाळपर्यंत काकूंना घरचं एक माणूस दिसलं नाही.

मग त्यांनी दारात चप्पल अडकवून दार उघडं ठेवलं आणि बोळातल्या गालिच्यावर पाय पसरून बसल्या. थोड्या वेळाने एक सून येऊन बसली. मग दुसरी. मग पत्ते निघाले. आठही दारांत चपला लागल्या. जहाजाचा माणूस येऊन हात जोडून म्हणाला, मॅडम, वर थिएटर आहे, तिथे बसा. काकू त्याला म्हणाल्या, "तिथं अंधार असतो रं. तोंडं दिसत नाय एकमेकांची."

करमणुकीला किती तारे द्यायचे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बोळाला पाच दे."

*

त्याच सुमारास लोधिवलीचे तात्या ऑफिसात आले. धुतलेला पांढरा सदरा, हातात टोपी. भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाले, "हे नको. माझा नीलेश ज्या जहाजावर हाय त्याचं तिकीट पायजे."

नीलेश त्यांचा एकुलता मुलगा, जहाजावर हाऊसकीपिंगला. प्रवाशांच्या खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या. त्याचं जहाज दर चार-पाच दिवसांनी मुंबईला लागतं. मुंबई ते लोधिवली, म्हटलं तर जवळच. पण जुने प्रवासी उतरतात आणि नवे चढतात तोच दिवस त्याच्या सगळ्यात जास्त कामाचा. मुंबईला लागलेल्या जहाजावरून तो घरच्या दिशेला हात करू शकत होता, बस्स.

"त्याची आई गेली तवा आलावता," तात्या म्हणाले. "घरात सारखी माणसं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी परत गेला. आमी दोघं एकदा पण बसलो नाय शेजारी-शेजारी. तेवढंच करायचंय."

मी म्हटलं, "तात्या, कॉन्ट्रॅक्ट संपलं की येईलच की तो."

"मागल्या वेळी संपलं, तर दुसऱ्याच आठवड्यात नवीन आलं."

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत असते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. हेड ऑफिसला फोन केला. नीलेशला लागू होत नाही, म्हणाले. मग मी म्हटलं, निदान तो काम करतो त्या मजल्यावर, त्याच्या वाट्याच्या खोल्यांपैकी एक द्या. तिकडचा मुलगा म्हणाला की खोली कॉम्प्युटर ठरवतो. मी विचारलं, कॉम्प्युटरला वडील आहेत का. तीन दिवस मी त्याच्याशी भांडले. नरेशदादा म्हणाला, "एका तिकिटासाठी एवढं?" चौथ्या दिवशी खोली मिळाली.

*

एकटा माणूस गेला तरी खोलीचे पैसे जवळजवळ दोघांचे पडतात. तात्यांनी ते मुकाट्याने भरले. माझा मात्र जळफळाट झाला, कारण आदल्याच महिन्यात नेरळच्या निवृत्त शिक्षिका देशमुख मॅडम लक्षद्वीपला जाऊन आल्या होत्या. त्याही एकट्याच.

मॅडमना मी म्हटलं, "हा एकटं असल्याचा दंड आहे. मी वर मेल पाठवतेय." पाठवलाही, तावातावाने, सगळे मुद्दे मांडून. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "अगं, मी वसूल केले ना पैसे. दुसऱ्या पलंगावर माझी पर्स झोपवली. रोज सकाळी खोली आवरणारा मुलगा येऊन तिचीही चादर बदलून जायचा. चौथ्या दिवशी तर त्याने विचारलं, दुसऱ्या मॅडम नाश्त्याला गेल्या का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. तिला लवकर भूक लागते."

*

मोहोपाड्याचे सावंतकाका कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. सहकाऱ्यांनी मिळून त्यांना आणि काकींना क्रूझ भेट दिली. जेवणाला किती तारे विचारल्यावर म्हणाले, "चव चांगली, पण कॅन्टीन बंदच होत नाय. सकाळी चालू, दुपारी चालू, जेव्हा जावं तेव्हा चालू. मग जेवण झालं हे समजायचं कसं?"

पहिल्या पाळीची सवय, त्यामुळे ते पहाटेच उठून डेकवर जायचे. तिथे रोज आणखी तिघं उभे असायचे. एक वापीचा, एक भोसरीचा, एक ठाण्याचा. सगळे रिटायर. कोणी कोणाशी फारसं बोलायचं नाही. उजाडेपर्यंत रांगेत उभे राहायचे आणि मग नाश्त्याला जायचे.

मी विचारलं, "नंबर घेतलेत का एकमेकांचे?"

"नाय गं. पाळीतल्या माणसाचा नंबर कोण घेतो? उद्या भेटणारच असतो तो."

मग म्हणाले, "चल, ठेवतो."

*

खोपोलीचं एक जोडपं लग्नानंतर महिन्याभरात गेलं होतं. जहाजावर वायफायचे वेगळे पैसे असतात आणि ते बरेच असतात. नवऱ्याने एकाच फोनपुरतं घेतलं, स्वतःच्या. फोन मी त्यालाच केला होता. सगळ्याला पाच तारे देऊन तो म्हणाला, वायफाय एकदम झकास. मागून बायकोचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, वायफायला शून्य द्या. ते नसतं तर मला नवरा मिळाला असता."

*

शेलूच्या नवीन टॉवरमधल्या म्हात्रे काका-काकूंना दोन्ही मुलांनी परदेशातून तिकीट काढून पाठवलं होतं, लग्नाच्या वाढदिवसाचं. बाल्कनीची खोली, स्पेशल डिनर, मसाज, सगळंच. सगळ्यात जास्त काय आवडलं, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, बाल्कनी म्हणतील.

काकू म्हणाल्या, "पहिल्या दिवशीचा तो सराव."

जहाज सुटण्याआधी एक कवायत होते. भोंगा वाजतो, सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं, जहाज बुडायला लागलं तर काय करायचं ते दाखवतात. बहुतेक लोक वैतागतात. या कवायतीबद्दल मला नेहमी शिव्याच ऐकायला मिळतात.

"त्यात काय आवडलं, काकू?"

"एक मुलगी आमची नावं विचारत आली. आम्ही जरा मागे उभे होतो, तर शोधत आली. आलात ना दोघं, म्हणाली. बरं वाटलं." मग मागे वळून त्यांनी काकांना विचारलं, "होय ना हो?" काकांचा आवाज आला, "परत पण घ्यायला पायजे होता तो. येताना."

*

तात्या निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या फोनवर नीलेशचा फोन आला. भराभर बोलत होता. "ताई, बाबांना समजावून सांगा. तिथं मला हाक मारायची नाय. ओळख दाखवायची नाय. प्रवाशाच्या खोलीत बसलेला दिसलो तर घरी पाठवतील."

मी म्हटलं, "पण ते त्याचसाठी येतायत. तुझ्याशेजारी बसायला."

"मला म्हायतीय," तो म्हणाला. "म्हणून तर तुमाला सांगतोय. मला नाय जमणार त्यांना सांगायला."

मी तात्यांना सांगितलं. वाटलं होतं, ते तिकीट रद्द करायला लावतील. ते म्हणाले, "बरं." आणि गेले.

ते चार दिवस मी नुसती चिडचिड केली. असले नियम करणाऱ्यांवर, हेड ऑफिसवर, विनाकारण नरेशदादावर. खोली मिळवली म्हणून मी केवढी खूश झाले होते. एका मजल्यावर राहून पोराला अनोळखी माणसासारखं बघत बसायला मीच त्या माणसाला पाठवलं होतं.

ते परत आले त्या दुपारी मी फोन केला. तारे विचारायचं मला सुचलंच नाही.

"तात्या, भेटला का नीलेश?"

"रोज यायचा की. खोली आवरायला."

"बोलायला मिळालं?"

"पयल्या दिवशी रागावला माझ्यावर. मी आधीच सगळं करून ठेवलंवतं ना. पलंग केला, बाथरूम पुसून काढलं, कचरा भरून ठेवला. मला म्हनला, बाबा, हे माझं काम हाय. मी म्हटलं, तुझं काम झालं. तुला एका खोलीला जेवढा टाईम मिळतो तेवढा तू बस."

"मग बसला?"

"बसला. चादरींची ढकलगाडी दारात आडवी लावली नि बसला माझ्याशेजारी. लय सांगायचं होतं मला. आईच्या वर्षश्राद्धाचं, शेताच्या बांधाचं, त्याच्यासाठी एक स्थळ आलंय त्याचं. मी सुरुवात केली नि बघतो तर झोपला. बसल्या-बसल्या. माझ्या खांद्यावर डोकं टाकून."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी पण. येळ झाली की मी उठवायचो."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "तात्या, समुद्र तरी नीट बघितलात का? तुमच्या खोलीला मोठी खिडकी होती."

"व्हती ना," तात्या म्हणाले. "पडदा ओढून ठेवायचो मी. उजेडानं जाग येते त्याला."