उलट्या गिअरची गाडी

"चालत्या गाडीत डायव्हरशी बोलायचं नाय."

हे वाक्य आमचे शेजारी जेवताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे, आणि एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना नर्सला म्हणाले. उभा जन्म एस.टी. चालवण्यात गेला होता. बसमध्ये डायव्हरच्या डोक्यावर जी पाटी असते, ती यांच्या डोक्यातच जाऊन बसली होती. काकी काही सांगायला लागल्या की काकांचा डावा हात वर व्हायचा आणि पाटी वाचून दाखवली जायची. काकी बिचाऱ्या गप. संसारभर त्या नवऱ्याच्या बसमधल्या पॅसेंजरसारख्या राहिल्या.

पोलादपुरात त्यांचं घर आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात एकच अंगण होतं. त्यामुळं त्या दोघांचं आयुष्य मी गिरणीच्या दारात बसून बघितलं. मुद्दाम नाही हो, पण दळण चालू असताना माणसानं बघायचं तरी कुठं?

सगळा गाव त्यांना डायव्हरकाका म्हणायचा. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली. मिरवायला म्हणाल तर तसं नव्हतं. काकींचं माहेर आंबेनळी घाटाच्या बाजूला, वर डोंगरातली वाडी. एस.टी. फाट्यावर सोडते आणि तिथून पुढं सरळ छातीवर चढ. काकींचे गुडघे पार कामातून गेलेले. पण शिमग्यात ग्रामदेवीची पालखी भावाच्या अंगणात येते, त्या दिवशी तिथं जाऊन देवीची ओटी भरायची हा त्यांचा नेम. वर्षाच्या बाकी दिवशी त्या काही मागायच्या नाहीत. काकांनी त्यांना शब्द दिला होता, मी हाय तोवर तुझी पालखी चुकायची नाय.

आणि नेमकी त्या वर्षी पालखीला दोन-तीन दिवस राहिलेले असताना गाडीच्या गिअरची केबल तुटली.

काका बाजारातून आले ते दुसऱ्या गिअरवरच, गाडीला गुरगुरायला लावत. पुढं गिअर पडेना, मागं पडेना, दांडी नुसती हातात लुळी फिरत होती. म्हटलं, महाडच्या मिस्त्रीला बोलवा. ते म्हणाले, कुठला मिस्त्री? शिमगा हाय गो. खरंच होतं. महाड-पोलादपुरातले सगळे मिस्त्री आपापल्या गावी पालख्या नाचवायला गेलेले. गॅरेजांना कुलपं. स्पेअर पार्टचं एक दुकान तेवढं उघडं मिळालं, तिथून काकांनी नवी केबल आणली आणि जाहीर केलं की आता हे काम आपणच घरी करणार.

काकी काहीतरी म्हणणार होत्या. डावा हात वर झाला.

दोन दिवस आमच्या अंगणात जी काय धमाल चालली! दांडीभोवतीचं कव्हर काढलं, त्याचे स्क्रू काकींच्या हळदकुंकवाच्या वाटीत ठेवले. जुनी केबल ओढून काढली तर नवी त्या भोकातून आत कशी जाणार, म्हणून जुन्या केबलच्या शेपटाला काकींच्या परकराची नाडी बांधली. केबल बाहेर आली, नाडी आत राहिली, मग नाडीला नवी केबल बांधून पलीकडून खेचली. हे मात्र झकास जमलं. काका इतके खूश झाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून नाडी दाखवायला लागले. काकी लाजेनं घरात जाऊन बसल्या.

घोळ झाला तो पुढं. गाडीच्या पुढच्या भागात, गिअरबॉक्सवर, एक छोटी उभी पट्टी असते, मधोमध खिळलेली, एक टोक पुढं गेलं की दुसरं मागं जाणारी. तिच्या खालच्या टोकाला केबल बसवायची. पण खालच्या टोकापर्यंत पोचायला गाडीखाली झोपावं लागतं. आणि काकांनी नोकरीत कधी ते केलं नव्हतं. डेपोत डायव्हर वर, मेकॅनिक खाली, हा जणू देवानंच घालून दिलेला नियम.

"डायव्हर गाडीखाली जात नाय," ते म्हणाले. आणि बॉनेटमधून वरून हात घालून, जे टोक हाताला लागलं त्याला केबल अडकवून मोकळे झाले. ते होतं वरचं टोक.

मी मसाल्याच्या मिरच्या अंगणात चटईवर वाळत घातल्या होत्या. काका ऐटीत गाडीत बसले, मिरच्यांपासून लांब घ्यावी म्हणून मागचा गिअर टाकला, आणि गाडी दणक्यात पुढं आली ती थेट मिरच्यांवर. पुढचा अर्धा तास आळीतलं एकेक माणूस शिंकत होतं. माझी जीभ तेव्हा काय चालली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काका मात्र गाडीतच बसून राहिले, दांडी पुढं-मागं करत, नाकाला रुमाल लावून. मग खाली उतरून शांतपणे म्हणाले, "गिअर सगळे हायत गो. फक्त समोरासमोरच्यांनी घरं बदलल्यात."

पहिला होता तिथं दुसरा गेला होता, पाचव्याच्या जागी मागचा आला होता, सगळंच उफराटं. म्हटलं, मग खाली जा आणि खालच्या टोकाला लावा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चड्डीवर बाजारात जायला सांगितलंय. पालखी तर उद्यावर आलेली. गाडी बदलत नाय तर मी बदलतो, म्हणाले.

पण इतक्या वर्षांचा हात तो, तो कुठं ऐकतोय? आणि आंबेनळीच्या चढावर चुकीचा गिअर पडला तर गाडी बंद पडून मागं घरंगळणार, खाली दरी. मला भीती वाटत होती. पालखीच्या सकाळी काकी नवी साडी नेसून, ओटीचं सामान मांडीवर घेऊन मुकाट्यानं डावीकडं बसल्या. काकांनी सवयीनं दांडी पुढं ढकलली. गाडी आचका देऊन बंद.

"अवो, मागं वढा," काकी हळूच म्हणाल्या.

काकांचा डावा हात वर गेला. मग दांडीकडं बघितलं, काकींकडं बघितलं, आणि तो हात खाली आला. त्यांनी दांडी मागं ओढली. गाडी निघाली.

संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा मी दारातच होते. ओटी भरून झाली होती, पालखी डोळे भरून बघून झाली होती. घाटभर म्हणे काकी पुढं, मागं सांगत होत्या आणि काका तसं तसं करत होते. उतरताना मध्येमध्ये भावजयीच्या तक्रारी, पुरणपोळी कशी झाली होती, लग्नात कुणी काय आहेर केला नव्हता, सगळं निघालं. गाडी अंगणात थांबली तरी काकी बोलतच होत्या. काका स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत बसले होते.

शिमगा संपला, मिस्त्री परतले. पण काका गाडी काही महाडला नेईनात. कुणी गाडी मागायला आलं तर ती चालवताच यायची नाही. शेवटी एकदा मी विचारलंच, की अहो, नीट करून का घेत नाही?

ते टायरला पाय लावत उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "नीट केली तर ही परत गप बसंल."

मी गिरणीत गेले आणि उगाचच पट्टा तपासत बसले.

मग बरीच वर्षं त्या उफराट्या गाडीतून दोघं पालखीला गेली, आणि पालखीलाच कशाला, कशेडी घाटापर्यंत नुसती फिरूनही यायची. एका पावसाळ्यात काका झोपेतच गेले.

पुढच्या शिमग्याला त्यांचा मुंबईला असलेला मुलगा आठवडाभर आधीच आला. काकी म्हणाल्या, ओटी भावजय भरंल, मी नुसती पालखी बघन. मुलगा गुणी. त्यानं गाडी सुरू करून बघितली, ती माझ्या भिंतीला येऊन लागली. आईला यातून कसं न्यायचं, म्हणून त्यानं लगेच महाडहून मिस्त्री आणला. मिस्त्री गाडीखाली सरपटला आणि माझं एक दळण होईतो केबल खालच्या टोकाला लावून मोकळा झाला. मी बघत होते. पोराला काय सांगणार होते मी? त्याचं तरी काय चुकलं?

पालखीच्या दिवशी काकी डावीकडं बसल्या. मुलानं चावी फिरवली, दांडीवर हात ठेवला. काकी त्याच्याकडं किंचित वळल्या.

"मागं वढ, बाळा."

मुलगा हसला. "आई, नीट करून घेतलीय मी. आता तुला काहीच सांगावं लागणार नाही."

त्यानं दांडी पुढं ढकलली आणि गाडी आचका न देता निघाली.

"बरं केलंस रे," काकी म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.