रमजानात आलेलं नाताळचं ताट

खैरुद्दीन परकारांचा स्वभाव तपासणीचा. दाभोळहून दुबईला आल्यापासून देऱ्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतरणारी खोकी बघून घेणं हेच त्यांचं काम. एक खिळा उचकटलेला दिसला तरी पेटी बाजूला. ही सवय घरीही सुटत नसे.

१९६७ साली नाताळ रमजानात आला. अंगणापलीकडच्या खोलीत वसईचे इनास तुस्कानो उन्हाळ्यात राहायला आले होते. लाँचच्या इंजिनांचे मेकॅनिक. चूल अंगणात, दोन्ही घरांची एकच. इनासच्या बायकोनं, कार्मेलीननं, रोजे लागल्यापासून दिवसा फोडणी दिली नव्हती. "शेजारी रोजे असताना वास कशाला?" म्हणायची. पंचवीस तारखेलाही त्यांनी दुपारी पाव-चहावर भागवलं. सणाचं जेवण सूर्यास्ताच्या नमाजानंतर, मगरिब झाल्यावर.

त्या दिवशी खैरुद्दीनची बायको, बानू, खाडीपलीकडे ओळखीच्या मैमुनाबीकडे गेली होती. सूर्य बुडता बुडता कार्मेलीन झाकलेलं ताट घेऊन दारात आली.

"भाई, नाताळचं आहे. बानूभाभी आणि मी..."

"ठेवा वहिनी, ठेवा. अजान होतेय."

ती गेली. खजूर तोंडात टाकून खैरुद्दीननी रुमाल उचलला. केक, तळलेले गोड गोल फुगे, करंज्या. तिच्या हातचं मासळीचं कालवण ते एरवी बोटं चाटून खात. पण गोदामातला मोहिद्दीन सकाळीच म्हणाला होता, "त्यांच्या केकात दारू, तळणात डुकराची चरबी. एक घास, की रोजा खलास!"

विचारायचं, तर दार दहा पावलांवर होतं. पण विचारायचं कसं? त्यापेक्षा त्यांनी मागच्या बोळात जाऊन ताट बकऱ्यांपुढे पालथं केलं.

कोकणात शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. त्यांनी ते घासलं, खजुरांनी भरलं आणि स्वतः नेऊन दिलं.

"फुगे तर एकदम झकास, वहिनी!"

"आवडले ना? बरं झालं," कार्मेलीन खाली बघत म्हणाली.

तासाभरानं बानू आली. "ताट कुठाय?"

"संपलं."

"एवढं? एकट्यानं?"

"बकऱ्यांना घातलं. त्यांच्यात काय काय असतं..."

बानू मटकन खाली बसली. "काय असतं? आपलं तूप असतं, आपली कढई असते! आज पहाटे सहरी खाऊन तुम्ही घोरत होतात, तेव्हा पीठ मीच मळलं. मनुका तिनं संत्र्याच्या रसात भिजवल्या. म्हणाली, तुमचा केक वेगळाच करू भाभी, भाईंच्या मनात किंतू नको."

"मग मला सांगायचं होतंस!"

"शेजारणीनं दिलेलं खायला तुम्हाला सर्टिफिकेट लागतं, हे मला काय ठाऊक?"

खैरुद्दीन उठले. दहा पावलं चालायला त्यांना बराच वेळ लागला. तुस्कानो जेवायला बसले होते.

"इनासभाई, ते फुगे... मी खाल्ले नाहीत."

"ठाऊक आहे," इनास म्हणाला. "बोळाकडची खिडकी आमचीच. बकऱ्यांचा नाताळ मात्र जोरात झाला!"

तो एकटाच हसला. म्हणजे आपण झकास म्हणालो तेव्हा वहिनींना सगळं माहीत होतं. खैरुद्दीनना वाटलं, वहिनींनी आता चार शब्द सुनवावेत, निदान दार लावून घ्यावं. ती म्हणाली, "बसा भाई, चहा टाकते."

"काही उरलंय का, वहिनी?"

"तुमचं होतं ते तेवढंच. आमच्या केकात रम आहे." तिनं अगदी सरळ सांगितलं, आणि त्यांची मान आणखीच खाली गेली.

शेजार तुटला नाही. बानू आणि कार्मेलीनचं एका चुलीवर चाललंच होतं. कालवण मात्र आता बानूच्या हातात यायचं, खैरुद्दीनच्या नाही.

पुढल्या नाताळला कार्मेलीन रिकाम्या हातानं दारात आली.

"भाई, ताट पाठवलं तर चालेल ना?"

आजवर तिनं कधी विचारलं नव्हतं. "चालेल, चालेल!" खैरुद्दीन गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले. ती ताट आणायला वळली, आणि मागे उभ्या असलेल्या बानूकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.