भिंतीवरून एक चित्र उतरवायचं होतं

आमच्या वन्सं कुणाच्याही घरात शिरल्या की आधी काहीतरी उचलतात. चोर नाहीत हो! इथलं उचलायचं आणि नजरेआड ठेवायचं, एवढंच. टीव्हीवरचा कापडी ससा, दारामागची छत्री, कपाटावरची फुलदाणी. "वहिनी, एवढं काढलं की बघा कसं मोकळं वाटतं," म्हणतात, आणि मग आठवडाभर मी ती वस्तू शोधत फिरते. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या शाळेत होत्या. पहिल्याच दिवशी माझा आरसा खुंटीवरून उतरवून पलंगाखाली ठेवला होता. तेव्हापासून आमचं असंच चाललंय, अर्धं प्रेमाचं, अर्धं कुरबुरीचं.

त्यांचं पोट भरतं तेही याच सवयीवर. कापडाच्या एका मोठ्या दुकानात त्या काचेच्या खिडक्या सजवतात. पुतळ्यांना कपडे चढवायचे, दिवे लावायचे, मग रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघायचं आणि परत येऊन एक वस्तू काढायची. मालक कुरकुरतो, कारण त्याला तेवढ्याशा खिडकीत सगळं दुकान कोंबायचं असतं. पण गिऱ्हाईक त्या खिडकीपुढे थांबतं, म्हणून तो गप्प बसतो.

गेल्या वर्षी दुकानाशेजारच्या कलादालनात जाहीर व्याख्यानं सुरू झाली. आजची कला, तिची प्रदर्शनं कशी मांडायची, कुणीही यावं, वर चहा फुकट. वन्सं सहज गेल्या आणि अडकल्याच. पुढे तिथलं सुट्टीच्या दिवसांचं प्रशिक्षणही घेतलं. "मी क्युरेटर होणार," असं त्यांनी सांगितलं तेव्हा हे कुठलं नवीन दुखणं, असं मी विचारलं होतं. त्या हसल्या नाहीत. कुणाचं काम निवडायचं, कशाशेजारी ठेवायचं, बघणाऱ्याला कुठे थांबवायचं हे ठरवणारा माणूस, असं समजावून सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे खिडकीच की! "खिडकीच," त्या म्हणाल्या, "फक्त इथे खोटं बोलून चालत नाही."

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटं प्रदर्शन मांडायचं आणि उद्घाटनाला लोकांपुढे बोलायचं. इथवर ठीक होतं. पण त्या दालनाची एक रीत होती. बोलून झालं की मांडणाऱ्याने आपणच लावलेलं एक काम सगळ्यांदेखत उतरवायचं, का उतरवलं ते सांगायचं आणि ज्याचं त्याच्या हातात परत द्यायचं. खिळा तसाच राहतो, शेजारचं नावाचं लेबलही तसंच राहतं, प्रदर्शन संपेपर्यंत. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, निवडायला सगळेच पुढे येतात, नाकारायचं काम कुणी तोंडावर करत नाही. असेल बाई. मी मात्र ही रीत ऐकल्यापासून उद्घाटनाचे दिवस मोजत होते, कारण त्या भिंतीवर आमच्या ह्यांचं चित्र होतं.

हे म्हणजे वन्संचे दादा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, उरल्या वेळात स्वतःची चित्रं काढली. आईवडिलांमागे धाकट्या बहिणीला, म्हणजे ह्यांच्या छोटीला, ह्यांनीच वाढवलं, पेन्सिल धरायलाही ह्यांनीच शिकवलं. मग दुखणं आलं आणि उजवा हात थरथरायला लागला. कप बशीवर वाजतो, म्हणून हे चारचौघांत "मी चहा सोडलाय" असं सांगतात. ब्रशही सोडलाच होता. कोपऱ्यातली ती खुर्ची आणि तिच्यात दिवसदिवस भिंतीकडे बघत बसलेला माणूस. ते दिवस आठवले की आजही माझा जीव घाबरा होतो.

त्यांना पुन्हा रंगवायला बसवलं ते मी. चिकटपट्टी आणली. रेघ हवी तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवायच्या, मधे रंग भरायचा, वाळला की पट्ट्या ओढून काढायच्या. रेघ कशी ताठ उभी राहते! ह्यांना पट्टीही सरळ लावता येईना, तेव्हा मी लावायला लागले. हे बोट दाखवायचे, मी चिकटवायची. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, ओळीने, अशा नीट की हात कापणाऱ्या माणसाने काढल्यात अशी कुणाला शंका येऊ नये. हे खूश, मी तर हवेत. ह्यांनी फोटो काढून बहिणीला पाठवला आणि लगेच उत्तर आलं, दादा, हे मला प्रदर्शनाला हवं. पट्ट्यांचं आम्ही दोघंही बोललो नाही.

चित्र दालनात गेलं आणि वन्संचा फोन यायचा बंद झाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. उद्घाटनाच्या दिवशी ह्यांना "तुम्ही सावकाश या" म्हटलं आणि मी आधीच जाऊन थडकले. वन्सं एकट्याच होत्या, एका चौकटीवर पाणसळ ठेवून ती सरळ आहे का बघत होत्या.

"वन्सं, आज काय उतरवणार?"

"ठरतंय अजून."

"तुमच्या दादांचं सोडून काहीही उतरवा."

त्यांनी पाणसळ खाली ठेवली. "वहिनी, पट्ट्या तुम्ही लावल्यात ना?"

"कुणी सांगितलं?"

"जवळून बघितलं की कडेला रंगाचा बांध दिसतो. आणि दादा मधे थांबल्याशिवाय एवढी लांब रेघ कधीच काढत नाही. लहानपणापासून बघतेय मी."

"लावल्या. काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाही हो."

"मग हात जोडते तुमच्यापुढे. हे चित्र उतरलं तर तो माणूस पुन्हा ब्रशला हात लावणार नाही. परत त्या खुर्चीत जाऊन बसेल. तुम्ही तुमच्या घरी जाल, वन्सं. त्या खुर्चीकडे बघत बसायचंय ते मला."

वन्सं ह्यांच्या नावाचं लेबल रुमालाने पुसत राहिल्या, जरासुद्धा धूळ नसताना.

संध्याकाळी दालन भरलं. हे इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना घेऊन आले. पहिल्या रांगेत बसले, उजवा हात मांडीखाली दाबून. प्रदर्शनाला वन्संनी नाव दिलं होतं 'करणाऱ्याचा हात'. एका कुंभाराच्या मडक्यांवर बोटांचे वळ तसेच ठेवलेले. एका बाईंचं भरतकाम उलट्या बाजूने टांगलेलं, गाठी आणि तुटके धागे सगळ्यांना दिसतील असं. पडद्यावर गवंड्याचा तळवा गिलावा ओढत होता. आणि मधोमध आमच्या खिडक्या, नाकासमोर बघणाऱ्या. आत्ता सगळं शेजारी शेजारी बघताना मलाही ते टोचलं, पण मी डोळे फिरवले.

वन्संचा आवाज सुरुवातीला अडखळत होता, मग सापडला. काय बोलल्या ते मला विचारू नका, माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. बोलून झाल्यावर त्या भरतकामापाशी गेल्या, थांबल्या. मी मनात म्हटलं, काढा, तेच काढा. मग मडक्यांपाशी. तिथेही थांबल्या. आणि मग वळून मधोमध आल्या आणि दोन्ही हातांनी ह्यांचं चित्र खिळ्यावरून उचललं.

"हे माझ्या दादाचं काम," त्या म्हणाल्या. "मी ते फोनवरच्या फोटोत बघून निवडलं. खरं सांगायचं तर चित्र बघितलंच नाही, फक्त दादाचं आहे एवढंच बघितलं. ही चूक माझी, त्याची नाही. या खोलीत प्रत्येक कामात करणाऱ्याचा हात दिसतो. या चित्रात तो लपवलाय. मला तो हात चांगला ठाऊक आहे, त्याने माझी बोटं धरून मला पहिलं अक्षर गिरवायला लावलं. आज तो थरथरतो. मला तो थरथरणाराच भिंतीवर हवा होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस चहा सोडल्याचं नाटक करतो, आणि ह्या बाईने भर सभेत सांगून टाकलं! शाळेतले सहकारी आपापल्या बुटांकडे बघत होते. रिवाजाप्रमाणे चित्र हातात घ्यायला हे उठले. मीही उठले, चौकट जड होती.

"तू बस," हे म्हणाले.

त्यांनी ती बहिणीच्या हातून घेतली. क्षणभर दोघांचेही हात चौकटीवर होते. मग वन्संनी सोडली आणि मागची लोखंडी कडी लाकडावर वाजायला लागली. टकटक, टकटक. सगळं दालन ते ऐकत होतं. हे तसेच, कुणाकडे न बघता, खुर्च्यांमधून चालत दारापर्यंत गेले. मला वाटलं, आत्ता पडेल, आत्ता पडेल. पडलं नाही.

घरी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं गेलं आणि हे खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशीही. मी जे सांगितलं होतं तेच, तसंच. तिकडे खिळ्याशेजारी ह्यांचं नाव लटकलेलं, लोक येऊन वाचत असतील या विचाराने मला जेवण गोड लागेना.

मग एका दुपारी वन्सं आल्या. बहिणीचा आवाज ऐकताच हे आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी वन्संना असं धारेवर धरलं की विचारू नका. "झालं समाधान? मिळालं प्रमाणपत्र? भावाला उघडं पाडून मोठ्या झालात!" त्यांनी सगळं खाली मानेने ऐकलं. डोळे भरले होते, पण माफी मागितली नाही, तेवढा ताठा आमच्या घराण्यात सगळ्यांनाच. "त्याला सांगा मी येऊन गेले," एवढंच म्हणाल्या. जाताना ह्यांच्या रंगांच्या टेबलापाशी पर्सची चेन लावायला थांबल्या आणि गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर हे टेबलाशी. समोर कोरा कागद, ब्रश ओला केलेला. माझा जीव भांड्यात पडला.

"पट्टी लाव," हे म्हणाले.

मी धावतच ड्रॉवर उघडला. पट्टीचं रीळ नव्हतं. खालचा उघडला, डबे हलवले, टेबलाखाली वाकून बघितलं. आणि मग हात तसाच थांबला. घरात शिरल्या की काहीतरी उचलणारी बाई त्या दिवशी एवढं ऐकून रिकाम्या हाताने कशी गेली असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

"सापडत नाहीये," मी म्हटलं.

हे माझ्याकडे वळले. "छोटी येऊन गेली ना?"

"हो."

पट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ते ह्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी चपला घालायला गेले नाही, आणि ह्यांनीही जा म्हटलं नाही. मी शेजारच्या स्टुलावर बसले. इतके दिवस ह्या टेबलाशी माझ्या हातांना काम असायचं, आज ते कुठे ठेवावेत कळेना, म्हणून पदरात गुंडाळले.

ह्यांनी ब्रश टेकवला. रेघ निघाली, थरथरली, मधे थांबली, पुन्हा निघाली आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचली. हे तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि तिच्याखाली दुसरी काढायला घेतली.