अपात्र ठरलेली बारा मशीनं

अक्का गेली हे सांगायला निलेशचा फोन आला, तेव्हा मी अक्कावर रागावून बसलो होतो. आदल्याच दिवशी फोनवर आमची चांगली जुंपली होती. विषय नेहमीचाच, धुळ्यातल्या तिच्या टायपिंग क्लासमधले बारा कॉम्प्युटर. तिचं म्हणणं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुटीत सगळ्यांवरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकायचं. माझं म्हणणं, आधी स्वतःच्या छातीकडे बघ, डॉक्टर काय म्हणाले ते आठव. “छातीनं मी दखसू, तू मशीननं दख,” छातीचं माझं मी बघते, तू मशीनचं बघ, असं अहिराणीत सुनावून तिनं फोन ठेवला होता. आणि सकाळी तिचा मुलगा पुण्याहून रडत सांगत होता, मामा, आई गेली, शेजारच्यांनी आत्ताच कळवलं. जळगावहून निघालेल्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडतच होतो. तू असं मध्येच उठून जाऊ शकत नाहीस, अजून माझं बोलून झालेलं नाही... पारोळं गेलं आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.

इंदूअक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव अमळनेरजवळ, तिचं सासर धुळ्याचं. नवरा लवकर गेला, तेव्हा दीर-नणंदांनी तिला माहेरी जायचा सल्ला दिला. तिनं घराची पुढची खोली रिकामी केली आणि टाइपरायटर मांडले. धुळ्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत तिच्या हाताखालून गेलेले लोक बसलेले आहेत, तिच्याकडेच टायपिंग शिकून मीही जळगावला नोकरीभर कचेरीत बसलो. क्लासमध्ये ती शुद्ध मराठी बोलायची आणि कुणाचाही मुलाहिजा ठेवायची नाही. मुलांनी कळांकडे बघू नये म्हणून प्रत्येक मशीनवर एक कापड बांधलेलं असे. तिच्याच जुन्या सुती साड्यांचे तुकडे, कडेला शिवण, दोन बाजूंना नाड्या. हात त्या कापडाखाली, नजर उताऱ्यावर. मुलं त्याला ‘अक्काचा पदर’ म्हणत. बघण्यासाठी कुणी तो हळूच उचलला, तर पाठीमागून पट्टी आलीच म्हणून समजा.

मग टाइपरायटरवरच्या परीक्षा बंद झाल्या. वरून कागद आला, आता सगळं कॉम्प्युटरवर. अक्कानं ऐकलं. ज्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता, त्या सकाळी ती एकेका टाइपरायटरला तेल घालत होती. मी म्हटलं, भंगारात जाणाऱ्या मशीनला तेल कोण घालतं? ती पुढच्या मशीनकडे वळली. टेम्पो गल्लीतून वळला तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. नंतर कॉम्प्युटर आले, त्यांच्या कीबोर्डवर तेच पदर पुन्हा बांधले गेले. पण ते दोन दिवस तिनं कायम मनात ठेवले होते, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या स्क्रीनवर इंग्रजीत एक सूचना येऊ लागली. हा कॉम्प्युटर सिस्टीमच्या नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही, जुनीचा सांभाळ आता कंपनी करणार नाही. कॉम्प्युटर पुरवणाऱ्या माणसानं सांगितलं, बारा नवे घ्या. निलेश म्हणाला, आई, क्लास बंद कर आणि पुण्याला ये. मीही त्याचीच री ओढली. नवे घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि क्लास बंद झाला तर साक्रीकडून, शिरपूरकडून एसटीनं येणाऱ्या मुली शिकायला जाणार कुठे, हा तिचा प्रश्न होता. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “पात्र नही म्हने. बठ्ठा मशीन चांगला शेतस. एकदाव आयकं मी. आते कोनंबी आयकनं नही.” मशीनं सगळी चांगली आहेत, एकदा ऐकलं ते पुरे, आता कुणाचंच ऐकायचं नाही, असा तिचा निकाल.

दिलीप पावरा तिचा जुना विद्यार्थी. शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं गाव, आता शिरपूरच्याच एका कॉलेजात तो कॉम्प्युटर शिकवतो. त्यानं तिला लिनक्सबद्दल सांगितलं. जुन्या मशीनवर चालतं, विकत घ्यावं लागत नाही, कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. अक्कानं त्याची उलटतपासणी घेतली. याचा मालक कोण? एक असा कुणी नाही, तो म्हणाला, जगभरातले लोक मिळून बनवतात. उद्या हे लोकही आमची मशीनं अपात्र ठरवतील तेव्हा? तेव्हा आपण दुसरं लिनक्स घेऊ, मॅडम. हे तिला पटलं. मग दर रविवारी दिलीप येऊ लागला. आधी कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर टाकून बघितलं. मराठीसाठी टाइपरायटरवरची जुनी अक्षरांची मांडणी बसवून घेतली. प्रिंटर रुसला, त्याची समजूत काढण्यात बरेच रविवार गेले. आखाजीला मुली माहेरी जातात, क्लास ओस पडतो, तेव्हा बाकीची सगळी एकदम बदलायची असं ठरलं. स्वतःचं मशीन मात्र सर्वांत शेवटी, हे तिनं आधीच बजावलं होतं.

मला हे सगळं खूळ वाटत होतं. संक्रांतीला गेलो तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. परीक्षा केंद्रावर जुनीच सिस्टीम असणार, मुली इथे एकावर शिकून तिथे दुसऱ्यावर गोंधळतील, नापास होतील, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर. अक्का शांतपणे उठली. मला एका मशीनपुढे बसवलं, कीबोर्डवर पदर होताच, वर स्क्रीनवरही टॉवेल टाकला. समोर उतारा ठेवला आणि घंटा वाजवली. इतक्या वर्षांनीसुद्धा त्या घंटेनं माझी पाठ सरळ झाली. मी टाइप केलं. मग शेजारच्या मशीनवर बसवलं, पुन्हा टॉवेल, पुन्हा घंटा. आता सांग, यातलं लिनक्स कोणतं? मी साहेबी थाटात सांगितलं, पहिलं, जरा अडखळत होतं. तिनं दोन्ही टॉवेल काढले. अडखळत होती ती जुनी सिस्टीम! अक्का खोकला येईपर्यंत हसली. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “हात तुनाच शेतस ना? मंग घाबरस काबर?” मी हरलो होतो, पण कबूल केलं नाही. शेवटच्या फोनवरही केलं नाही.

तेराव्याला घरात बैठक बसली ती अक्काबद्दल नव्हतीच, खोलीबद्दल होती. रस्त्यावरची जागा, मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं छान जाईल. एका नातेवाइकानं तर भंगारवाल्याचा नंबरही काढून ठेवला होता. माणूस गेलं की त्याच्या वस्तू अपात्र ठरवायची आपल्याला केवढी घाई असते! मी म्हटलं, आखाजीपर्यंत कुणी खोलीला हात लावायचा नाही. कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक. निलेश मान खाली घालून बसला होता.

दर आखाजीला अक्का माहेरी यायची, पुरणपोळी आणि आंब्याचा रस मागून मागून खायची. या आखाजीला आम्ही धुळ्याला तिच्याच घरी, पितरांसाठी भरतात तशी, तिच्या नावानं घागर भरली. दुपारी दारात दिलीप उभा. त्याला कुणीच बोलावलं नव्हतं. खिशातून पेनड्राइव्ह काढत तो म्हणाला, “अक्कांनी आजचा दिवस दिला होता.” निलेशनं क्लासचं कुलूप काढलं. एकेक करून मशीनं होत गेली. पंखे फिरत होते.

शेवटी तिचं मशीन राहिलं. सुरू केलं तर तीच सूचना पुन्हा समोर आली, पात्र नाही. निलेशनं ती बंद केली. तिचे उतारे, निकाल, फोटो दिलीपनं आधीच दुसरीकडे उतरवून ठेवले होते. नव्या सिस्टीमनं विचारलं, या मशीनवरचं सगळं पुसून टाकू का? एंटर दाबायचं, एवढंच काम. निलेशचं बोट कळेवर गेलं आणि थांबलं. सगळं सुरक्षित आहे हे त्याला माहीत होतं. कॉम्प्युटरवरच पोट भरणारा माणूस तो. तरी म्हणाला, मामा, माझ्यानं नाही व्हायचं.

मला तरी कुठे झालं असतं? पण कामासाठी वर केलेला पदर मॉनिटरवर तसाच पडलेला होता, निळ्या काठाचा, विटलेला. मी तो खाली ओढला आणि निलेशच्या हातावर पसरला. “खाले दखू नको,” मी म्हटलं. ते शब्द अक्काचे होते, क्लासमध्ये शुद्ध बोलणारी अक्का रागावली की एवढंच अहिराणीत बोलायची. निलेशनं मान वर केली. पदराखाली कळ दाबल्याचा आवाज आला.

क्लास सुरू आहे. मी रिटायर माणूस, सध्या धुळ्यातच मुक्काम ठोकलाय. बायको म्हणाली, इथं माझं डोकं खाण्यापेक्षा तिथं मुलींचं खा. क्लास बंद झाला का, असं विचारत अजून कुणी ना कुणी दारात येतं. मी त्यांना आत बोलावतो, बाराही मशीनं चालू असतात. अक्काच्या मशीनवर मुली आळीपाळीनं बसतात. तिथल्या पदराची एक नाडी तुटायला आली होती, ती निलेशनं पुण्याला परत जाण्याआधी स्वतःच्या हातानं शिवून दिली. टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत.