टर्नर सर शिकायला बसले

लेथवर कातलेल्या लोखंडी दांड्यावरून टर्नर सर नुसता अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "एक केस जाड हाय अजून." मायक्रोमीटर लावला की ते खरंच निघायचं. आम्ही थक्क व्हायचो, सर मात्र चिडायचे. "माह्या अंगठ्याचं कवतिक करू नका बे. त्याले तीस वर्सं लागले. तुमाले तेवढे कोन देते? मापून पाहा."

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आयटीआयत ते आम्हाला टर्नरचं, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं, काम शिकवत. वर्गात मी एकटीच मुलगी. वरवट बकालला भाजीपाला पिकवणाऱ्या माझ्या वडिलांना मला शिवणवर्गात घालायचं होतं. मी हट्टानं इथे आले होते. पहिल्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, "चश्मा कुठं हाय तुहा? आधी डोये सांभाळ." मी मुलगी आहे, यावर ते कधी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षी सीएनसी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ. कुणालाच येत नव्हतं, म्हणून ते कित्येक महिने ताडपत्रीखाली पडून राहिलं. सरांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. सोबतचे शिक्षक म्हणाले, "काऊन डोकं खपवता? नवा मानूस येईन, तो पाहीन." दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. "पोरी, मले कीबोर्ड शिकव."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ते एका बोटानं अक्षरं शोधत बसायचे. चूक दाखवताना मी अडखळायची. "लाजू नको. चुकलो तं चुकलो म्हन," ते म्हणायचे.

पहिल्या जॉबचा, म्हणजे घडवायच्या तुकड्याचा, प्रोग्रॅम मी लिहिला आणि बटण सरांनी दाबलं. चाळीसच्या पुढे दशांशाचं टिंब द्यायचं मी विसरले होते. यंत्रानं ते माप जवळपास शून्य धरलं आणि कातायचं टूल भरधाव येऊन दांड्यावर आदळलं. आवाजानं शेजारचा वर्ग धावत आला. टूल मोडलं होतं. प्राचार्य माझ्याकडे पाहून म्हणाले, "यापुढे मुलांनी या यंत्राला हात लावायचा नाही. हिनं तर मुळीच नाही." हे घरी कळलं असतं तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं.

"बटन म्या दाबलं साहेब," सर म्हणाले. "तपासनं माहं काम व्हतं, म्या नाही तपासलं. लेखी देतो. पन पोरं हात नाही लावतीन तं शिकतीन काय?"

त्यांनी खरंच लेखी दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टिंब तू विसरली, हे बी खरं हाय. लिही परत." नवं टूल आलं, त्या दिवशी पहिला जॉब त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला.

आता मी संभाजीनगरजवळच्या एका कारखान्यात आहे. दर दिवाळीला धामणगाव बढ्याला सरांच्या घरी जायची. "नवं काय आलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. गेल्या दिवाळीत लकव्यानं त्यांची एक बाजू गेली होती. मी मोबाइलवर आमचा रोबोट दाखवला, जॉब उचलून यंत्रात ठेवणारा. ते पाहून त्यांनी विचारलं,

"याच्यात मानूस कुठं हाय?"

"मी हाय ना सर. तो अडला का मी पाह्यतो, काऊन अडला ते."

"हाताखाली कोनी हाय?"

"चार पोरी हायेत."

"त्यायले शिकवतं तू, का नुसतं काम करून घेतं?"

"शिकवतो सर," मी म्हणाले.

ते खोटं होतं. रोबोट अडला की मी त्या मुलींना बाजूला सारायची आणि स्वतःच पटकन दुरुस्त करून मोकळी व्हायची. पाळीचं काम उरकायची घाई असायची.

माघात सर गेले. तिसऱ्या दिवशी कामावर परतले तेव्हा रोबोट अडलेला होता आणि चौघी माझी वाट पाहत उभ्या होत्या. मी हात मागे बांधले आणि म्हटलं, "तुम्ही बघा." त्यांना तास लागला. कारखान्याचे साहेब दोनदा येऊन रागावून गेले. मी जागची हलले नाही.

सरांना सांगितलं ते त्या दिवसापासून खरं आहे.